तास्लेंतची साल

इघिल, ४ जुलै १९४३

मुहूबदादा,

हे पत्र तुला मिळणार नाही. खाली बाजारच्या गावी पोस्टातल्या माणसाने तसं तोंडावर सांगितलं. अमेरिकन आल्यापासून समुद्र बंद आहे म्हणाला, इकडची चिठ्ठी फ्रान्सला जात नाही आणि तिकडची इकडे येत नाही. मी म्हटलं, पोत्यात टाकून ठेव, लढाई कधीतरी संपेलच. त्याने खांदे उडवले आणि पाकीट परत माझ्या हातात दिलं. तेव्हा आता जे लिहीन ते धान्याच्या रांजणात ठेवणार आहे. रांजण रिकामाच आहे, जागा भरपूर आहे.

तरी लिहिते. मला अक्षरं शिकवताना तू म्हणायचास, मी खाणीत असेन तेव्हा घरचं कळवणारं कुणीतरी हवं. नवरा वारल्यावर मी माहेरी परत आले, ती तुझ्याच घरात राहते आहे, तुझंच अन्न खाते आहे. म्हणजे तू पैसे पाठवत होतास तोवर खात होते. आता बलूताच्या पिठाची भाकरी खातो. ओकचं ते फळ डुकरांना घालतात असं तू हसून सांगायचास ना, तेच.

मेझ्यानला हिवताप आहे. तुझ्या मुलाला. मी आणि वहिनी त्याला घेऊन खाली सबाऊ नदीच्या काठी गोऱ्यांच्या शेतात सरवा वेचायला गेलो होतो. आमच्याहून त्याचाच हात चलाख, लोंबी पाखराच्या आधी उचलायचा. घरी आलो आणि दुसऱ्या आठवड्यात त्याला हुडहुडी भरली. तुझा जुना बर्नूस त्याच्या अंगावर घातला, वर घोंगडी घातली, तरी दात वाजत होते. मग अंग तापलं, मग घाम, मग उठून बसला आणि अंजीर मागायला लागला. आम्हाला वाटलं, गेलं दुखणं. एक दिवस गेला आणि पुन्हा हुडहुडी. आता एक दिवसाआड येतो, पाहुण्यासारखा वेळेवर.

दवाखान्यातल्या ख्रिस्ती मठबाईने क्विनीनच्या दोन गोळ्या दिल्या आणि हात जोडले. सगळं क्विनीन फौजेला जातं म्हणाली. बाजारात एक अमेरिकन शिपाई झाडाखाली बसला होता, त्याला मी थरथरून दाखवलं, कपाळावर हात ठेवून दाखवला. तो घाबरून मागे सरकला आणि मला चॉकलेट दिलं. बलैदकाका बरोबर होते, त्यांनी त्याच्या कुऱ्हाडीच्या दांड्याला हात लावून विचारलं, हे आमच्या तास्लेंतचं लाकूड का? तो म्हणाला, ॲश, ॲश. त्यांच्याकडेही होते म्हणजे. त्यांच्याकडे तिची साल कुणी पाण्यात घालतं का, ते विचारायला भाषा नव्हती.

तू म्हणशील, तास्लेंतची साल आहे ना, मग रडता कशाला? तेच तर सांगायचं आहे. चौथऱ्यापाशी म्हाताऱ्यांच्या बाकावर सावली धरणारी मोठी तास्लेंत कोळशासाठी तोडली. पेट्रोल नाही, लॉऱ्या आता कोळशावर चालतात. बांधावरच्या उरल्या, त्यांची गेल्या उन्हाळ्यात तापाने गांजलेल्या लोकांनी बुंध्यापासून साल ओरबाडली. आई कशी काढायची आठवतं? दोन वर्षांच्या फांदीवरून, वसंतात, एका बाजूने, आणि मधे पट्टा सोडून, म्हणजे झाडाचा रस वर जाईल. घाईत लोकांनी चहूबाजूंनी सोलली. झाडं उभ्या उभ्या वाळली.

गावात एकच जिवंत तास्लेंत आहे. आपल्या अंगणामागची. तू लावलेली.

सेक्कूरा


१३ जुलै

दादा,

तू गेलास तो दिवस या घरात कुणी विसरलेलं नाही. मेझ्यानच्या बारशाचं मटण चुलीवर होतं आणि तू हातात रोप घेऊन म्हाताऱ्यांसमोर उभा राहिलास. पुरुषाने तास्लेंत लावली की ती त्या घरातला एक पुरुष नेते, हे या डोंगरात दूधपित्या पोरालाही ठाऊक आहे. देवाने पहिलं झाड केलं ते हे, आणि ते बायकांच्या हाती दिलं. लावायचं त्यांनी, ताईत बांधायचे त्यांनी, साल काढायची त्यांनी. तू म्हणालास, झाड माणसं खात नाही, माणसं झाडं खातात, आणि फावडं मारलंस. खाणीतल्या तुझ्या मित्रांनी टाळ्या वाजवल्या असत्या. इथे कुणी वाजवल्या नाहीत. वहिनी बाळंतपणातून उठून दारात आली आणि म्हणाली, उपट. तू हसलास. मग ती ओरडली, मग तू ओरडलास, आणि मटण शिजायच्या आत तू पिशवी उचलून निघून गेलास. पैसे पाठवत राहिलास. स्वतः आला नाहीस.

दुसऱ्या कुणाला ते उपटता येईना. लावणाऱ्यानेच उपटावं, नाहीतर झाड तिथल्या तिथे वसुली करतं, असं झाडपाला जाणणारी ताऊस मावशी म्हणाली. त्यामुळे ते राहिलं. त्याला कुणी शेळी लावली नाही, कुणी फांदी तोडली नाही, तापाच्या साथीतही त्याच्या सालीला कुणी नख लावलं नाही. माझ्या डोक्याच्या वर गेलं आहे. सबंध गावात इतकं धडधाकट झाड नाही, आणि इतकं धडधाकट दुसरं काहीच नाही.

मी आधी बाहेर शोधलं. बलैदकाकांच्या गाढवावर बसून पलीकडच्या खोऱ्यात गेले. तिथल्या एका बाईने आढ्यावर टांगलेली जुनी साल दिली, बदल्यात माझी चांदीची पिन घेतली. घरी काळ्या मडक्यात पाणी घेऊन ती साल उन्हात भिजत ठेवली. तुला आठवत असेल, चांगली साल असली की पाण्याच्या कडेला निळी झाक उठते, आकाशाहूनही निळी. आई म्हणायची, निळं आलं की औषध जागं आहे. मी मडक्यापाशी बसून राहिले. पाणी चहासारखं तपकिरी झालं आणि तसंच राहिलं. तरी पाजलं. त्याने तोंड वाकडं केलं, प्यायला. दुसऱ्या दिवशी ताप आला, वेळेवर.

मग मी ठरवलं की तुझ्या झाडाची साल काढायची. वहिनीला विचारलं नाही, कारण उत्तर ठाऊक होतं. दुपारी सगळं गाव झोपलेलं असतं तेव्हा चाकू पदराखाली घेऊन मागे गेले. ती झाडाखाली बसलेली होती.

"मला माहीत होतं तू येणार," ती म्हणाली.

"मग बाजूला हो, मेल्खीर."

"ज्या झाडाला तो हवा आहे त्याच झाडाचं पाणी त्याला पाजू? स्वतःच्या हाताने ताटात वाढून देऊ?"

मी पुष्कळ बोलले. आईने याच सालीने बाबांचे गुडघे बरे केले, गाईला साप चावला तेव्हा हीच साल बांधली, मेझ्यान झाला तेव्हा वहिनीचा ताप हिनेच उतरवला. ती म्हणाली, ती झाडं बायकांची होती. मग मी बोलायचं थांबले आणि तिच्याशेजारी बसले. उन्हात दुसरं करायला काही नव्हतं.

शेवटी ती म्हणाली, "सेक्कूरा, त्याला एक पुरुष पाहिजे. या घरात दोनच आहेत. एक सहा वर्षांचा आहे. दुसरा गेल्यापासून त्याने या पोराचं तोंड पाहिलेलं नाही. तू त्याची बहीण आहेस म्हणून तुला विचारते. मी झाडाला म्हटलं, दुसऱ्याला ने, तर तुला चालेल?"

ती तुझं नाव घेत नाही, आधीही घेत नव्हती. नावाशिवायही मला कळलं.

दादा, हे मी लिहिणार नव्हते. पण रांजणातली पत्रं वाचणार कोण? तू मला पाटीवर अक्षरं गिरवायला लावलीस, माझ्या लग्नात खेचर भाड्याने आणून मला वर बसवलंस, नवरा वारला तेव्हा खाणीतून लिहिलंस की माझं घर ते तुझं घर. आणि मी हो म्हटलं. तिने झाडाला कपाळ टेकवून तुझा जीव मागितला आणि मी शेजारी बसून आमीन म्हटलं.

चाकू परत नेला. पाव नसल्यामुळे त्याला घरी काही काम नव्हतं.

सेक्कूरा


२५ जुलै

दादा,

तू अजून जिवंत असशील तर ऐक. नसशील तर तुला सगळं दिसतच असेल.

तुझं पत्र येत नाही याचा आता आम्हाला आनंद होतो. कसली घाण गोष्ट आहे ही. बाजारातून कुणी आलं की वहिनी विचारते, फ्रान्सची काही खबर? तो म्हणतो, तिकडे बॉम्ब पडताहेत, खाणी कोसळताहेत. ती खाली बघते, आणि तिचा चेहरा मला दिसू नये म्हणून मी दुसरीकडे बघते. मग आम्ही आत जाऊन मेझ्यानच्या कपाळाला हात लावतो. तू मेल्याची पहिली बातमी त्याच्या कपाळावर येईल असं आम्ही धरून चाललो आहोत. कपाळ तापलेलंच असतं.

त्याचं पोट फुगलं आहे, डाव्या बाजूला हात लावला तर कडक लागतं. डोळे पिवळे. पाय काटकीसारखे झाले आहेत. तरी बोलायला कमी नाही. काल मला म्हणाला, आत्या, तू चालतेस तेव्हा तुझे गुडघे बोलतात. मी म्हटलं, शिव्या देतात, तुला ऐकू येत नाहीत एवढंच.

ताऊस मावशीला आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही, पण तिला आम्ही घरी आणलं. तिने मेझ्यानचं पोट चाचपलं, मग तिला झाडाकडे नेलं तेव्हा झाडही तसंच चाचपलं. आणि म्हणाली, वाट आहे. पुरुषाच्या हातची तास्लेंत बाईच्या हातची करता येते. पोराच्या आईने ती मुळासकट काढायची, मुळं वाळायच्या आत दुसऱ्या जागी स्वतः लावायची. उपटून टाकलं तर ते वसुली करतं, पण लावलं तर त्याला कळत नाही, त्याला वाटतं आपण आताच जन्मलो.

"मग साल काढायची?" मी विचारलं.

"झाड लागू दे. नवं पान फुटलं की ते हिचं. तोवर सालीला हात लावलात तर अजून त्याचंच आहे."

मी म्हटलं, "मावशी, भर उन्हाळ्यात झाड कुणी हलवतं का? जळून जाईल."

"मग पाऊस येईपर्यंत थांब," ती म्हणाली. "तापाला सांगून ठेव."

वहिनीने तोवर कुदळ आणलीही होती.

मी अडवायला हवं होतं असं तू म्हणशील. तू म्हणूच नकोस. मला ठाऊक होतं की झाड मरेल. पण तिच्या तोंडावर आशा आली होती, महिन्यात पहिल्यांदा, आणि दुसरी कुठलीही वाट ती चालणार नव्हती. मीही कुदळ घेतली. गावातल्या बायका आल्या, पुरुषांना हाकलून दिलं, ते चौथऱ्यावर जाऊन पाठ करून बसले. सकाळपासून खणलं. जमीन विटेसारखी. मधलं मूळ इतकं खोल गेलं होतं की शेवटी ते तोडावं लागलं. तुझा हात चांगला होता, दादा. लावलंस ते पक्कं लावलंस.

नवा खड्डा भिंतीच्या सावलीत काढला होता, झऱ्यावरून आणलेलं पाणी त्यात ओतलं होतं. तोडलेल्या मुळाचा एक तुकडा त्या पाण्यात पडला. आम्ही झाड उचलून आणत होतो तेवढा वेळ तो पाण्यात होता, आणि खड्ड्यावर तिरपं ऊन आलं होतं. मी वाकून पाहिलं. कडेला निळं होतं. आईच्या मडक्यात यायचं तसं, अगदी तसं.

मी तो तुकडा उचलला. मूठभर साल होती त्याला, ओली, जागी. मेझ्यान दारात बसून आमच्याकडे बघत होता. वहिनीनेही ते निळं पाहिलं होतं. तिने माझी मूठ उघडली, तुकडा काढून घेतला आणि खड्ड्याच्या तळाशी मातीत दाबला. रागावली नाही. म्हणाली, "आता नको, सेक्कूरा. आता थोडंच राहिलं." आणि झाड त्यावर उभं केलं.

सेक्कूरा


९ ऑगस्ट

दादा,

पानं गळली. पहिल्या दोन दिवसांत मान टाकली, मग कोरडी झाली, मग वाऱ्याने गेली. आता अंगणात एक काठी उभी आहे आणि तिला आम्ही पाणी घालतो.

झऱ्याची धार करंगळीएवढी झाली आहे. बायका पहाटेपासून घागरी मांडून बसतात. त्यांनी वहिनीला नंबर लावायला मनाई केली. ती आली की प्रत्येक बाई आपल्या घागरीतलं थोडं तिच्या घागरीत ओतते. एरवी याच बायका पाण्याच्या थेंबावरून एकमेकींचे केस उपटतात, तुला माहीत आहे. आता गुपचूप ओततात आणि पान आलं का विचारत नाहीत. विचारलं तर तिला सांगावं लागेल.

ती स्वतः पाणी पिते की नाही मला शंका आहे. तिचे ओठ फुटले आहेत. सकाळी उठली की आधी काठीकडे जाते, मग मुलाकडे. एकेक डोळा बोटाने चाचपते. फांदीवर पान फुटायची जागा असते ना, त्याला आई डोळा म्हणायची. मी एकदा नखाने थोडं खरवडून पाहिलं. आत अजून ओलसर होतं, हिरवट. मी तिला सांगितलं. त्या दिवशी तिने मला मिठी मारली. या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

मेझ्यानला आता घाम आल्यावरही बरं वाटत नाही. ताप जाईपर्यंत दुसरा येतो. लघवी काळपट होते आहे. त्याला आम्ही दारात गोधडीवर निजवतो, कारण त्याला स्वतः पान बघायचं आहे. पान आलं की ते खायला द्याल का म्हणाला. मी म्हटलं, पान शेळ्यांना, तुला साल. म्हणाला, मग मी शेळी होतो.

काल त्याने एक विचारलं, ते तुला सांगणं मला भाग आहे. ते मी एकटी बाळगू शकत नाही. वहिनी झऱ्यावर होती. तो बराच वेळ डोळे मिटून होता, मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "आत्या, बाबा मेले की मी बरा होणार ना?"

मी विचारलं, कुणी सांगितलं तुला.

"आई झाडाशी बोलते तेव्हा मला ऐकू येतं."

मी त्याची गोधडी सारखी केली.

"बाबांना वेळ लागेल का?" त्याने विचारलं. "लागणार असेल तर राहू दे. मला आता ताप येतो तो चालतो."

तुला तो ओळखत नाही, दादा. तुझा एक फोटो आहे, टोपीतला, आणि तो बर्नूस. त्या फोटोकडे बघून तो मला नेहमी विचारायचा की बाबांना डोक्यावर केस आहेत का. एवढ्याच ओळखीवर तो तुला सोडून द्यायला तयार झाला. मी पायरीवर बसून रडले आणि तो माझ्या पाठीवर हात फिरवत राहिला, इतका गरम हात.

मला आता कुणीही मेलेलं नको आहे. पण ते झाडाला कसं सांगायचं?

सेक्कूरा


१६ सप्टेंबर

दादा,

यंदा अंजीर बरे आले. उन्हात घातले आहेत, बोरूच्या ताट्या कमी पडल्या म्हणून बलैदकाकांच्या आणल्या. शेळी आटली. छपराच्या कौलांची डागडुजी पावसाच्या आत करायला हवी, पण करणार कोण? खालच्या गल्लीतल्या फेरूजाला मुलगी झाली. भोपळे लहान आहेत.

मी हे सगळं लिहिते आहे, कारण दुसरं लिहायचं नाही. पण लिहिते.

मेझ्यान गेला. ऑगस्ट संपता संपता, सकाळी. आदल्या दिवशी वहिनीने स्वतः चाकू आणून माझ्या हातात दिला. पान आलं नव्हतं. ती म्हणाली, "काढ." मी काठीपाशी गेले. ओली साल पट्टीसारखी सुटते, चाकू नुसता आत सरकवला की हाताला येते. ही लाकडाला चिकटली होती. खरवडली तशी भुगा होऊन पडली. तो भुगा मडक्यात घातला, मडकं उन्हात ठेवलं आणि आम्ही दोघी दोन बाजूंना बसलो. ऊन सरकलं तसं मडकं सरकवलं. पाणी स्वच्छ राहिलं. तपकिरीही झालं नाही. झऱ्याचं पाणी जसंच्या तसं.

तरी तिने ते त्याला चमच्याने पाजलं. त्याने गिळलं नाही, ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं. पुसायला तिने पदर घेतला आणि मग तसाच धरून बसली.

कापड मिळत नाही. लोक गोणपाटात पुरले जाताहेत. वहिनीने तिच्या लग्नातलं रेशमी वस्त्र काढलं, ते लहान मुलाला पुरलं, उरलंही. बर्नूस मी बरोबर देणार होते, तिने देऊ दिला नाही. तो परत खुंटीला लावला.

बायका बसायला आल्या. ताऊस मावशी आली आणि रडली, म्हणाली, माझा दोष, पानासाठी थांबायला मी सांगितलं. वहिनी म्हणाली, तुझा नाही. तेवढंच बोलली. सगळ्या गेल्यावर आम्ही दोघी चुलीपाशी होतो, चूल पेटवली नव्हती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे तो आहे."

मला आधी कळलं नाही.

"एकच न्यायचा होता," ती म्हणाली. "तुझा भाऊ जिवंत आहे."

ना पत्र, ना तार. समुद्र बंद. तरी तुझी खुशाली मला अशी कळली, दादा. घरात एकाच दिवशी दोन बातम्या आल्या आणि मला कशासाठी रडायचं ते सुधरेना. तू जिवंत आहेस याचं मला बरं वाटलं. वाटलं, खोटं कशाला सांगू? आणि त्या बरं वाटण्याची मला किळस आली.

सेक्कूरा


इघिल, १९ मे १९४६

मुहूबदादा,

समुद्र उघडून बराच काळ झाला. तुझं पहिलं पत्र दीड वर्षापूर्वीच्या हिवाळ्यात आलं. मी ते वहिनीला वाचून दाखवलं: खाणीत दरड कोसळली, शेजारचे दोघे दबले, तू वाचलास, कसा वाचलास ते तुझं तुलाच कळलं नाही. ती म्हणाली, मला कळलं. मग तू विचारलं होतंस की मेझ्यान केवढा झाला, आता शाळेत जात असेल ना. तिथे मी थांबले. ती उठून शेळीला पाणी दाखवायला गेली. दुसरं पत्र आलं, मग तिसरं. तिसऱ्यात तू विचारलंस, घरी येऊ का, का अजून राग आहे. मी एकालाही उत्तर दिलं नाही. हात जात नव्हता, आणि तिने लिही म्हटल्याशिवाय लिहिणं मला बरं दिसेना. आज ती म्हणाली म्हणून लिहिते.

ती काठी तिने उपटली नाही. पुरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी घागर घेऊन झऱ्यावर गेली आणि पाणी घातलं. मी म्हटलं, मेल्खीर, आता कशाला? ती म्हणाली, लावलं आहे ना मी. पाऊस आला, बर्फ आलं, तेव्हा थांबली. वसंतात पुन्हा सुरू. गावातल्या लोकांना वाटलं, डोकं फिरलं. मलाही वाटलं. वरची काठी तोवर ठार वाळली होती, पोरांनी हात लावला असता तर मोडली असती. पोरंही त्या बाजूला जात नव्हती.

मग बुंध्याशी, मातीच्या अगदी लगत, दोन कोंब आले. काळे, मऊ, मांजराच्या पंजासारखे. मी आधी पाहिले. तिला सांगायचं मला धैर्य होईना, म्हणून मी तिथे नुसती उभी राहिले. ती आली, तिने पाहिलं, खाली बसली. हसली नाही, रडली नाही. वाळकी काठी कोयत्याने कापली, तिचे तुकडे केले आणि संध्याकाळी त्यावर भाकरी भाजली. मी माझी भाकरी बाजूला ठेवली. तिने तिची सगळी खाल्ली.

आता त्या कोंबांच्या फांद्या झाल्या आहेत, माझ्या खांद्याला लागतात. आईच्या हिशेबाने साल काढण्याजोग्या. फेरूजाच्या मुलीला गेल्या महिन्यात ताप आला. क्विनीन अजूनही त्यांनाच मिळतं ज्यांना ते नेहमी मिळतं. फेरूजा पोरीला काखेत घेऊन आली आणि फाटकाबाहेर उभी राहिली. आत यायचं धाडस तिला होत नव्हतं. मागायचं तरी कसं, आणि कुणाकडे?

वहिनीने तिला पाहिलं. आत जाऊन चाकू आणला, तोच. एका फांदीच्या एका बाजूने चीर दिली, आईसारखी, पट्टा सोडून. साल लांबच्या लांब हाताला आली. काळं मडकं उन्हात ठेवलं. मला बघवेना म्हणून मी घरात आले, पण आतूनही फेरूजाचा आवाज ऐकू आला. ती म्हणाली, निळं आलं. मग एकदम गप्प झाली, काय बोलून गेले ते कळल्यासारखी.

त्या पोरीचा ताप उतरला. सालीने उतरला की आपला आपण, मला विचारू नकोस. तेव्हापासून बायका येतात, आजूबाजूच्या गावांतूनही. वहिनी कुणाला नाही म्हणत नाही, कुणाकडून काही घेत नाही. मूल कुणाचं, केवढं, काही विचारत नाही. साल देते आणि ती मडक्यात पडेपर्यंतही थांबत नाही, पाठ फिरवून आत येते. निळं तिने अजून एकदाही पाहिलेलं नाही. त्या खड्ड्यात पाहिलं तेवढंच.

रांजणातली पत्रं या पाकिटात घातली आहेत. तारखेप्रमाणे वाच. मी काय मागितलं तेही त्यात आहे, ते मी खोडलेलं नाही. वाचून तू मला बहीण म्हणणार नसशील तर म्हणू नकोस.

आज सकाळी ती अंगण झाडत होती. झाडता झाडता म्हणाली, त्याच्या पत्राचं उत्तर राहिलं आहे ना. मी म्हटलं, हो. म्हणाली, मग लिही. मी कागद घेऊन दारात बसले, मेझ्यानला निजवायचो तिथेच, आणि विचारलं, काय लिहू? तिने केरसुणी भिंतीला टेकवली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते आहे, माझं त्यात काही नाही.

"त्याला लिही, झाड लागलं. आता ते माझ्या हातचं आहे. या घरात पुरुषाला कसली भीती राहिलेली नाही. यायचं तर येऊ दे."

सेक्कूरा